मैनाबाई शिंपिणीचा लोखंडी गोऱ्हा

मैनाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. नखुरडं झालं, पिकलं, वैदूनं फोडलं. हात वाचला, पण अंगठ्याजवळची दोन बोटं ताठली ती ताठलीच. तुमच्या-माझ्या घरात असं झालं तर काय मोठंसं? भाकर थापता येते, पाणी भरता येतं. पण ही होती शिंप्याची बाई. शिंप्याच्या घरात सुई धरता येत नाही म्हणजे मग राहिलं काय? दळण, उष्टी आणि दुसऱ्याच्या कापडाच्या चिंध्या गोळा करणं.

नवरा सूर्यभान पटकीत गेला होता. त्यानंतर काही वर्षं तिनं त्याच्या जागेवर बसून चोळ्या-बंड्या शिवल्या आणि आपल्या भाकरीचं पीठ आपण आणलं. बोटं गेली तेव्हा ती भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या चुलीवर जेवू लागली. भासरे भगवंत शिंपी अमरावतीत अंबादरवाज्याच्या आत राहत. सज्जन माणूस हो, उगाच कशाला खोटं बोलू! कौंडण्यपूरच्या देवाची वस्त्रं त्यांच्या हातची जात. चातुर्मासात कांदा-वांगं घरात येत नसे. ते मैनाबाईला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त कोणी विचारलं, "ही कोण?" की घरातून एकच उत्तर जाई, "आमच्या धाकट्याची. पडली हाय बिचारी आमच्याकडं."

त्या 'बिचारी'नं तिचा जीव जळे. शिव्या परवडल्या, पण हा शब्द नको, असं तिला होई. आणि तोंड उघडायची सोय नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांपुढं डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही की शब्द बोलायचा नाही. काही सांगायचं तर थोरल्या जावेला, पार्बताबाईला सांगायचं, तिनं नवऱ्याला सांगायचं. भासरे समोर बसले असले तरी.

आता ती सालं कोणती, ते ध्यानात घ्या. साता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला, आणि इकडं आमच्या पाटलांच्या मिशा वर गेल्या. ज्यांनी जन्मात घोंगडं सोडलं नव्हतं ते जरीचे फेटे बांधू लागले. गाडीच्या जुवाला चांदीची फुलं बसली. नांदगावचे खुशालराव पाटील तर कापसाच्या गाड्यांमागं थेट मुंबईला गेले आणि येताना कापड शिवायची विलायती मशीन घेऊन आले. कशाला, ते त्यांचं त्यांना ठाऊक! हौसेला मोल नाही म्हणतात, ते असं.

मशीन आणली खरी, पण चालवणार कोण? पाटलांच्या कापसाचं काम बघणारा अकोल्याचा जैनुद्दीन मिस्त्री ती गाडीत घालून अमरावतीच्या शिंप्यांच्या दारोदार फिरला. मुंबईत दुकानदाराकडून तो ती चालवायला शिकून आला होता. शिंपी मंडळी फुत्कारली. हातात कसब असलेल्या माणसानं लोखंडाचा दांडा फिरवायचा? "आमी शिंपी हाओत, तेली नाही घाना फिरवाले," असं एकानं तोंडावर सांगितलं.

भगवंतांनीही नाही म्हटलं. जैनुद्दीन उठून चालला, तेव्हा पदराआडून मैनाबाई जावेला म्हणाली, "त्यायले विचारा, दांडा फिरवाले बोटं लागतात का नुसता तळवा?"

नुसता तळवा लागत होता. उजव्या तळव्यानं मूठ फिरवायची, डाव्या हातानं कापड सांभाळायचं. तिनं फिरवून पाहिली. सुई खाली-वर झाली, कापड आपलं आपण पुढं सरकलं आणि मागं टाक्यांची ओळ उमटली. मैनाबाईच्या डोळ्यांना धार लागली. लाज सोडून ती सगळ्यांसमोर रडली.

पाटलांचा निरोप आला तो सरळ होता. येत्या पोळ्याला त्यांच्या बारा बैलांना मखमलीच्या झुली हव्यात, आत कापूस भरलेल्या, खादीचं अस्तर लावलेल्या. खांदमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या सांजेला झुली तयार असल्या, तर मशीन मैनाबाईच्या घरी राहील. पाटलांचं शिवण शिवावं आणि गावाचंही. नसल्या, तर जैनुद्दीन ती गाडीत घालून अकोल्याला दुसऱ्या शिंप्याकडं नेईल.

मशीन माजघरात आली. काळीभोर, पाठीवर सोनेरी वेलबुट्टी. मैनाबाई तिला गोऱ्हा म्हणे. "नवा गोऱ्हा हाय, जुवाले लावता लावता शिकन," असं जावेला सांगे. जैनुद्दीननं चार गोष्टी दाखवल्या: खालच्या दोऱ्याचा धोटा कसा भरायचा, पेच कुठला कशाचा, आणि सुईखालच्या पत्र्यात दोन फटींतून डोकावणारे बारीक दाते. हे दाते वर येतात, कापडाला चावा घेऊन पुढं ढकलतात, खाली बुडतात आणि गुपचूप मागं येतात. कापड चालतं ते यांच्या जिवावर. एक छोटी शिशीही त्यानं दिली. "ह्ये याचं तेल. रोज दोन-चार बूंद. दुसरं घालू नका, बाई."

सगळं सुरळीत चाललं असतं. पण त्या तेलाला वास होता. आषाढी एकादशी झाल्यावर भगवंतांनी नाक आक्रसून जैनुद्दीनला विचारलं, हे तेल कशाचं? तो बापडा खरं बोलला. "दर्यातल्या मोठ्या मच्छीच्या चरबीचं, शिंपीबुवा. मुंबईत सारे ह्येच घालतात."

झालं! देवाची वस्त्रं जिथं खुंटीवर, त्या माजघरात मच्छीची चरबी, आणि तीही चातुर्मासात! भगवंत ओरडले नाहीत. आंघोळ करून आले, देवापुढं बसले आणि बायकोला म्हणाले, "सांग तिले, मशीन ठेव, पन ते तेल या घरात नाही. आपल्या घरी जवसाचं तेल हाय घान्यावरचं, शुद्ध. देवाच्या दिव्याले चालते ते लोखंडाले काहून नाही चालनार?"

मैनाबाईलाही ते पटलं. तिचाही नेम होता, तिलाही किळस आलीच होती. तिनं शिशी परसात नेऊन निंबाखाली उपडी केली, हात राखेनं तीनदा घासले आणि गोऱ्ह्याला जवसाचं तेल पाजलं. जवस म्हणजे काय परकं का? वऱ्हाडच्या काळ्या रानातलं, भाजीत तेच, चटणीत तेच.

काही दिवस गोऱ्हा छान चालला. झुलींवर झुली शिवून झाल्या. मग मूठ जरा जड फिरू लागली. मैनाबाईनं तेल घातलं. आणखी जड झाली, तिनं आणखी घातलं. आपल्याकडं कुरकुर ऐकली की तेल घालायचं, एवढंच ठाऊक; गाडीच्या आसाला ते पुरतं. आणि पोळा तोंडावर आला, मानाच्या पांढऱ्या जोडीच्या दोनच झुली उरल्या, तेव्हा गोऱ्ह्यानं बैठक मारली.

मूठ फिरत होती, सुई खाली-वर होत होती, पण मखमल जागची हलेना. सुई एकाच भोकात ठकठक ठकठक. उचलून बघते तर खाली दोऱ्याचं हे एवढं जाळं! जाळं कापलं, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिला वाटलं, वरचा पाय कापड नीट दाबत नसेल. तिनं त्याचा पेच आवळला. मखमलीवर पायाचा वण उठला, कापड काही चालेना. सैल केला, तर मखमल एकीकडं आणि खालची खादी दुसरीकडं. टाका लांब करायचा पेच फिरवून पाहिला, त्यानंही काही नाही. शेवटी धीर सुटून तिनं डाव्या हातानं कापड खस्सकन मागं ओढलं, आणि कट्! सुई वाकली, पत्र्यावर आपटली आणि तुटली.

डबीत आता एकच सुई उरली. अमरावतीत ती कुठं मिळणार? अकोल्यातही नाही. मुंबई सोडली तर असली सुई कुणी पाहिलीही नव्हती.

"काय झालं वं?" पार्बताबाईनं चुलीपासून विचारलं.

"काही नाही, जाऊबाई. दोरा गुंतला." खोटं बोलली.

भगवंत ओसरीवर देवाचा शेला शिवत होते. ठकठक थांबलेली त्यांना ऐकू आली. "सांग तिले," ते शांतपणे म्हणाले, "जे आपलं नाही त्याच्यात जीव गुंतवू नये. गेली मशीन तं गेली. दोन भाकरी हायेतच इथं."

दोन भाकरी हायेतच! चांगल्या मनानं बोलले हो, पण बाईच्या अंगावर वीज पडली. त्या दोन भाकरींसाठीच तर तिचा सगळा आटापिटा होता. त्या कोणी दिलेल्या नकोत, आपल्या हव्यात. तिनं ओठ चावला आणि शेवटची सुई डबीतच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं एक शहाणपणाची गोष्ट केली. कापडही लावलं नाही, सुईही नाही. नुसती मूठ हळूहळू फिरवली आणि मान वाकवून दात्यांकडं बघत राहिली. जनावर लंगडतं तेव्हा आपण त्याला रिकामं चालवून बघतो ना, तसं. आणि तिला दिसलं. दाते वर येतच नव्हते! फटीतून टोक काढायचे आणि तिथंच बसायचे. कधी वर आलेच तर मागं परतायला विसरायचे. दोष ना मखमलीचा, ना पायाचा, ना दोऱ्याचा. चावा घेणारेच गलितगात्र झाले होते.

तिनं पत्रा काढला. खाली झुलीतल्या कापसाचा भुसा चिकटून चिकटून पार वाकळ झालेली. "हात् तुही!" तिच्या तोंडून निघालं. बाभळीचा काटा घेऊन तिनं दात्यांच्या फटी कोरून काढल्या, पत्रा बसवला, शेवटची सुई लावली आणि देवाचं नाव घेऊन फाटक्या खादीचा तुकडा घातला. चालला! वीतभर चालला. मैनाबाई हसली. आणि वीत संपते न संपते तोच पुन्हा ठकठक एका जागी.

या वेळी तिनं झटकन मूठ सोडली, सुई वाचली. पण मन खचलं. उद्या खांदमळणी. उद्या सांजेला जैनुद्दीन गाडी घेऊन येणार, पाटलाला झुली दाखवायला नाहीतर मशीन उचलायला. ती तशीच उठली आणि स्वयंपाकाला लागली, कारण दुखलं-खुपलं तरी पोळ्याच्या आधीचा स्वयंपाक कोणाला चुकला आहे?

भाजीला तेल घ्यायला तिनं तेलाची बुधली उचलली, आणि बुधली हाताला चिकटली. नेहमीच चिकटायची. तिच्या काठावरून जवसाचा ओघळ खाली आला होता आणि जुना होऊन पिवळा, कडक पापुद्रा झाला होता. असा पापुद्रा ती दर सणाला विळ्यानं खरवडून काढी. पोरवयापासून काढत आली होती. आज तिचा विळा तिथंच थांबला.

हाच तो! पत्रा काढला तेव्हा दात्यांच्या खांबाला पिवळं, डिंकासारखं काही लागलं होतं. तिनं कापूसच पाहिला, डिंक पाहिला नाही. सुतार दाराला जवस कशाला चोपडतो? वाळून कवच धरावं म्हणून! आणि आपण गोऱ्ह्याच्या सांध्यासांध्यात तेच ओतलं. अडला की आणखी ओतलं. वर कापसाचा भुसा. हालचाल करणार कशी?

"माय व माय!" ती मटकन खाली बसली. "जाऊबाई, म्याच मारलं त्याले."

पार्बताबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती, पण बुधलीचा पापुद्रा तिनंही आयुष्यभर खरवडला होता. ती उठली, फडताळातून पापडखाराची पुडी काढली आणि चुलीवर पाण्याचं भगोणं चढवलं. "असा डिंक कढत खारानंच सुटते," ती हळूच म्हणाली. "पन माह्याकडून घेतलं असं सांगजो नको."

मग जे झालं ते ऐका. जिची दोन बोटं ताठलेली ती बाई विलायती यंत्र खोलायला बसली. पुन्हा जोडता आलं नाही तर? दाखवणार कोणाला? तिनं माजघरात रांगोळीची एक लांब रेघ ओढली. जो पेच आधी निघाला तो रेघेच्या या टोकाला, त्याच्यापुढं दुसरा, त्याच्यापुढं तिसरा. जोडताना उलट्या टोकानं यायचं. पेचकस मुठीत धरून ती तळव्यानं दाबून फिरवी. एक पेच हटेचना, तेव्हा पार्बताबाईनं आपले दोन्ही हात तिच्या हातावर ठेवून जोर लावला. "रेघेवर पाय देऊ नका कोनी!" मैनाबाई ओरडली. त्या घरात तिचा आवाज इतका चढलेला कोणी ऐकला नव्हता.

दाते, त्यांचा खांब, त्यांना मागं ओढणारी कमान, सगळं कढत खाराच्या पाण्यात गेलं. पाणी मातकट पिवळं झालं. कापडाच्या बोळ्यानं घासलं, पुन्हा कढत पाणी, पुन्हा घासलं. मग गंजू नये म्हणून चुलीच्या उबेला तव्यावर वाळवलं. रेघेच्या उलट्या टोकानं सगळं जोडलं तेव्हा खांदमळणीचा दिवस अर्धा सरला होता. बाहेर लोक नदीवरून बैल धुऊन आणत होते.

मूठ फिरवली. दाते टणकन वर आले, पुढं गेले, बुडाले, मागं आले. वर, पुढं, खाली, मागं. पण लोखंड कोरडं ठणठणीत. दोन-चार फेऱ्यांत असं किंचाळू लागलं की ओसरीवर भगवंतांनी कान झाकले. तेल हवं! कोणतं? जवसाचं नाव नको. तिळाचं घरात नव्हतं. दिव्याचं एरंडीचं तेवढं होतं. ते घातलं तर गोऱ्हा चिखलात रुतलेल्या गाडीसारखा चालू लागला. चालतोय, पण एकेका टाक्याला खांदा उतरतोय. या चालीनं दोन झुली व्हायला पोळा उलटून गेला असता.

दारात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. जैनुद्दीन गाडी घेऊन हजर होता. गाडीत दोरखंड होता.

"झाल्या का बाई सगळ्या?" त्यानं ओसरीखालून विचारलं. शिवलेल्या झुलींची चळत पाहून त्याचा चेहरा फुलला, मग त्यानं मोजल्या आणि तो फिका पडला. "पांढऱ्या जोडीच्या कुठं हायेत? पाटील मले काय म्हनतीन? त्यायनं सांगितलं, दिवे लागाच्या आत झुली न्हाई तं मशीन घेऊन निघ."

पार्बताबाईनं मधे पडून सारं सांगितलं. जवस, डिंक, आपणच काढून दिलेला पापडखारही. जैनुद्दीननं कपाळावर हात मारला. "या अल्ला! जवस? बाई, पालिश होते त्याचं, पालिश!" मग त्यानं गाडीत ठेवलेल्या पेटीतून एक शिशी काढली. त्याच मच्छीच्या तेलाची. वास उघडण्याआधीच आला. "चार बूंद घाला. अंधार पडेपर्यंत मी थांबतो. पाटलाच्या शिव्या मी खाईन."

भगवंत उठून उभे राहिले. त्यांचा आवाज अजूनही चढला नव्हता, हेच भयंकर होतं. "सांग तिले," ते बायकोला म्हणाले. "मी तिले दोष देत नाही. पन त्या तेलाचं बोट लागलेला हात या घरच्या चुलीले लागनार नाही. देवाचं शिवन हाय माह्याकडं. त्या शिशीचा थेंब पडला तं तिची भाकर या चुलीवरून बंद."

पार्बताबाईनं वळून मैनाबाईकडं पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. सगळ्यांनीच ऐकलं होतं. जैनुद्दीन शिशी हातात धरून उभा, खाली बघत. दारातले बैल तेवढे माना हलवत होते.

मैनाबाई उठली. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा जावेकडं न बघता सरळ भासऱ्यांशी बोलली.

"दादा, तुमचा देव मोठा हाय, मी त्याले नाही म्हनत नाही. पन आपन बैलाले कडबा घालतो, मांजरीले भाजी घालत नाही. मांजर उंदीर खाते म्हनून तिले घराबाहेर काढलं का तुमी? हे लोखंडाचं जनावर हाय. त्याचं खानं त्याले. म्या त्याच्या तोंडी आपलं खानं कोंबलं, अन् ते मेलं." ती थांबली नाही. "तुमी मले भाकर देल्ली, त्याचे पांग मी या जन्मात फेडू शकत नाही. पन दादा, मले भाकर मांगाची नाही, मले भाकर कमवाची हाय. चूल बंद करता तं करा. पडवीत तीन धोंडे मांडीन."

एवढं बोलून तिनं हात पुढं केला आणि जैनुद्दीनच्या हातून शिशी घेतली.

भगवंत माजघरात गेले, खुंटीवरची देवाची वस्त्रं उतरवून देवघरात नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "मशीन पडवीत हलवा. इथं नको." त्यांच्या बोलण्यात राग होता की आणखी काही, ते पार्बताबाईलाही कळलं नाही.

पडवीत गोऱ्हा मांडला गेला. थेंब पडले. मूठ अशी फिरली की मैनाबाईच्या हातालाच आश्चर्य वाटलं. पण अजून काम व्हायचं होतं. मखमल गुळगुळीत, ती वरून सरके आणि खादी खाली राही. धावदोरा घालायला बोटं कुठून आणू? तिनं आधीच्या झुलींसारखेच बाभळीचे काटे मागवले, मखमल, कापूस, खादी तिन्ही जागच्या जागी टोचून धरली, आणि सुई जवळ आली की एकेक काटा डाव्या हातानं काढून तोंडात धरू लागली. पार्बताबाई समोर बसून कापडाचं ओझं उचलून धरी, म्हणजे दात्यांवर ताण नको. शेवटची सुई होती. एखादा काटा लागला असता तर सारंच संपलं असतं. जैनुद्दीन पडवीच्या तोंडाशी आभाळाकडं बघत उभा होता आणि मधेच पुटपुटत होता, "आस्ते, बाई, आस्ते."

शेजारच्या घरातून दिवा दिसू लागला तेव्हा दुसऱ्या झुलीचा शेवटचा कोपरा वळला. मैनाबाईनं दोरा दातानं तोडला. तोंडातल्या काट्यांनी ओठ फुटला होता, ते तिला तेव्हा कळलं.

जैनुद्दीननं झूल हातावर घेऊन टाक्यांवरून बोट फिरवलं. गाडीतला दोरखंड त्यानं झुलींची चळत बांधायला वापरला आणि निघताना शिशी ओट्यावर ठेवून गेला.

सगळीकडं खांदमळणी चालली होती. घरोघरी बैलांचे जुवानं सोललेले खांदे हळद-लोण्यानं चोळत होते, पळसाच्या पानानं शेकत होते आणि कानात आवतण देत होते. मैनाबाई पडवीत एकटी बसली. तिनं एक चिंधी घेतली, गोऱ्ह्याची काळी पाठ पुसली, सोनेरी वेल पुसली, दात्यांतला मखमलीचा भुसा काढला, आणि जिथं जिथं लोखंडावर लोखंड घासत होतं तिथं तिथं एकेक थेंब सोडला. मग इकडंतिकडं बघून वाकली आणि म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

पोळ्याच्या सकाळी पडवीत पहिल्यांदा धूर झाला. तीन धोंडे, एक तवा आणि शेजारणीकडून उसनी आणलेली चण्याची डाळ. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं म्हणावं तर धुराचंच म्हणा. देवाचं घर सुटलं होतं. त्या माजघरात ती पुन्हा चुलीशी बसणार नव्हती, आणि सुटणं काही फुकट होत नसतं. पुरणाची पहिली पोळी तिनं मशीनपुढं ठेवली, मग आपल्या पानात घेतली.

दुपारी नांदगावात तोरणाखालून पाटलांची पांढरी जोडी मखमल पांघरून गेली म्हणे. ती पाहून परतलेली एक ओळखीची बाई सांजेला घरी आली, पडवीतून धूर बघून पार्बताबाईला विचारू लागली, "अवो, तुमची ती बिचारी भाईर काहून स्वयंपाक करून राहिली?"

भगवंत ओसरीवरच होते. पार्बताबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. ते शेल्यातली सुई थांबवून ऐकत होते.

"बिचारी कोन?" पार्बताबाई म्हणाली. "मैनाबाई? तिची चूल येगळी हाय."

भगवंतांनी मान खाली घातली आणि पुढचा टाका घातला.